जन्मतारखेला घड्याळ नसतं: स्कीमातून तयार झालेल्या कोडमधल्या तारखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेच्या सभासदांची माहिती एक्सएमएल फाइलीतून (खुणांमध्ये बांधलेल्या मजकुराच्या फाइलीतून) दुसऱ्या संस्थेच्या सर्व्हरकडे पाठवायची आहे. त्यांनी दिलेल्या एक्सएसडी स्कीमावर (फाइलीत काय आणि कुठल्या प्रकारचं असावं याच्या नियमांवर) एक्सजेसी हे कोड तयार करणारं साधन चालवून जावाचे क्लास तयार केले. राजारामपुरीतल्या ऑफिसात, लॅपटॉपवर, सगळं बरोबर दिसतं. तोच प्रोग्रॅम क्लाउडवरच्या सर्व्हरवर टाकला की जन्मतारखा एक दिवस मागे जातात. १ जूनचे सभासद ३१ मेला जन्मलेले दिसतात. तर मग तारखेत साडेपाच तास मिळवून टाकले तर चालेल का?

नाही चालणार. का ते सांगतो, पण आधी एक गोष्ट तपासा. तुम्हाला १ जूनच दिसला, कारण आपल्याकडे १ जूनचे लोक ढिगाने आहेत. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकला, त्या पिढ्याच्या पिढ्या आज तुमच्या सभासद यादीत आहेत. त्या सगळ्यांचा एकदम ३१ मे झाला म्हणून ते डोळ्यात भरलं. १४ ऑगस्टचा १३ ऑगस्ट झालेला माणूस कुणाच्या लक्षात येत नाही. माझी खात्री आहे की तुमच्या जवळजवळ सगळ्याच तारखा सरकल्या आहेत. कुठल्याही महिन्यातले दहा सभासद काढा आणि मूळ अर्जाशी ताडून बघा.

आता दोन्ही ठिकाणच्या फाइली नोटपॅडमध्ये उघडा. प्रोग्रॅमच्या पडद्यावर बघू नका, कच्ची फाइलच बघा. फाइलीत आकडे आणि अक्षरं इंग्रजी असतात, इथे मी मराठीत लिहितो. लॅपटॉपच्या फाइलीत तुम्हाला ‘१९७२-०६-०१+०५:३०’ असं काहीतरी दिसेल. सर्व्हरच्या फाइलीत ‘१९७२-०५-३१झेड’. झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ; +०५:३० म्हणजे तिच्या साडेपाच तास पुढची आपली वेळ. लॅपटॉपवर ‘बरोबर’ वाटत होतं तिथेही तारखेच्या मागे शेपूट आहेच. ती शेपूट हाच खरा रोग आहे. एक दिवस मागे जाणं हे नुसतं त्याचं लक्षण.

घडतं ते असं. अर्जातली तारीख प्रोग्रॅमने जावाच्या जुन्या ‘डेट’मध्ये ठेवली. नाव डेट असलं तरी त्यात तारीख नसते, त्यात एक क्षण असतो: १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद, एवढंच. म्हणून १ जून १९७२ ला त्याने ‘भारतातली १ जूनची मध्यरात्र’ हा क्षण केला. यूटीसीत त्याच क्षणी घड्याळ ३१ मे, संध्याकाळचे साडेसहा दाखवतं. मग तुम्ही तो क्षण ग्रेगोरियनकॅलेंडरमध्ये घातला आणि त्यावरून एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडर बनवलं. मशीनचा टाइमझोन भारताचा असेल तर त्यातून १ जून निघाला, यूटीसी असेल तर ३१ मे. कोड तोच आहे, मशीनचं घड्याळ वेगळं आहे.

आपल्या माणसाला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. पंचांगात तिथी पहाटे तीनला लागू दे नाहीतर दुपारी दोनला, त्या दिवसाला नाव सूर्योदयाच्या तिथीचं मिळतं. तिथी कधी लागली हा एक प्रश्न, आजचा दिवस कुठला हा दुसरा, आणि आजीला हे दोन्ही वेगळे आहेत हे माहीत असतं. जन्मतारीख, कर्जाच्या हप्त्याची तारीख, सणाची सुट्टी ही ‘दिवसा’ची माहिती. पैसे खात्यात कधी पडले, वजनकाट्यावर गाडी कधी चढली ही ‘क्षणा’ची. पहिल्या जातीच्या माहितीला घड्याळ आणि टाइमझोन चिकटवला की ती बिघडते. दुसऱ्या जातीची माहिती टाइमझोन काढून घेतला की बिघडते.

स्कीमा लिहिणाऱ्यांनी हा फरक ठेवला होता. २००१ साली एक्सएसडीची पहिली अधिकृत आवृत्ती मंजूर झाली तेव्हापासून ‘डेट’, ‘टाइम’ आणि ‘डेटटाइम’ हे वेगळे प्रकार आहेत, शिवाय नुसतं वर्ष, नुसता महिना-दिवस, कालावधी यांनाही स्वतंत्र प्रकार आहेत. पण त्यांनी टाइमझोन सगळीकडे ऐच्छिक ठेवला, ‘डेट’लासुद्धा. म्हणजे ‘१९७२-०६-०१’ही वैध आणि ‘१९७२-०६-०१+०५:३०’ही वैध. दुसऱ्याचा अर्थ ‘भारतात जो १ जून होता तो, म्हणजे यूटीसीच्या ३१ मेच्या साडेसहापासून सुरू होणारा दिवस’. समोरच्याने तो यूटीसीत वळवून फक्त दिवस ठेवला की झालंच. २०१२ च्या १.१ आवृत्तीत टाइमझोन सक्तीचा करायची किंवा त्याला बंदी घालायची सोय आली, पण एक्सजेसी आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधलं ‘एक्सएसडी’ याच नावाचं साधन हे दोन्ही १.० वरच चालतात. तेव्हा त्या सोयीवर विसंबू नका. स्कीमात पॅटर्न (अक्षरांचा ठरावीक साचा) घालून शेपटीला बंदी करता येते, आणि समोरची संस्था ऐकणारी असेल तर तसं जरूर सुचवा. मात्र तयार झालेला क्लास तो पॅटर्न स्वतःहून तपासत नाही, मार्शलरला (एक्सएमएल लिहिणाऱ्या भागाला) स्कीमा जोडून पडताळणी चालू करावी लागते.

तुमच्या कोडचा इलाज छोटा आहे. जन्मतारीख वाटेत कुठेही जुन्या ‘डेट’मध्ये जाऊ द्यायची नाही. अर्जातून ती ‘लोकलडेट’ (जावाचा नुसत्या तारखेचा प्रकार) म्हणून घ्या, डेटाबेसमध्ये कॉलम नुसत्या तारखेचा ठेवा, वाचतानाही ‘लोकलडेट’ म्हणूनच वाचा. जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायची सोय) ४.२ पासून ‘गेटऑब्जेक्ट’ला थेट लोकलडेट मागता येतं. एक्सएमएलसाठी लोकलडेटची ‘टूस्ट्रिंग’ घ्या आणि तीच डेटाटाइपफॅक्टरीच्या स्ट्रिंग घेणाऱ्या मेथडला द्या. त्या स्ट्रिंगमध्ये वेळही नाही आणि टाइमझोनही नाही, म्हणून तयार होणाऱ्या वस्तूतही नसतात. वाचताना वर्ष, महिना, दिवस तिन्ही वेगवेगळे काढा आणि त्यातून लोकलडेट बांधा. ‘टूग्रेगोरियनकॅलेंडर’ला हात लावू नका, कारण टाइमझोन नसला की ते मशीनचा टाइमझोन आपल्या मनाने घालतं. आणखी एक ठेच इथे नेहमी लागते: एक्सएमएलग्रेगोरियनकॅलेंडरमध्ये जून म्हणजे ६, साध्या ग्रेगोरियनकॅलेंडरमध्ये जून म्हणजे ५. दोन्ही एकाच फाइलीत वापरले की महिना कधी ना कधी चुकतोच.

जुना कोड मोठा असेल आणि आज रात्रीतच फाइल पाठवायची असेल तर तात्पुरता उपाय म्हणून ‘सेटटाइमझोन’ला ‘फील्ड अनडिफाइन्ड’ द्या. शेपूट जाईल. पण आतला दिवस आधीच ३१ मे झाला असेल तर तो ३१ मेच राहील, हे विसरू नका.

त्याहून बरा मार्ग म्हणजे एक्सजेसीला बाइंडिंगची फाइल देऊन सांगणं की स्कीमातल्या ‘डेट’साठी लोकलडेट वापर आणि वाचायला-लिहायला माझा क्लास बोलाव. तयार झालेला कोड हाताने बदलू नका. स्कीमा एकदा बदलला की तो पुन्हा तयार होतो आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते. आपल्या क्लासमध्ये लिहिताना ‘टूस्ट्रिंग’. वाचताना मात्र लोकलडेटचा नुसता ‘पार्स’ वापरला तर शेपूट असलेली तारीख आली की तो अपवाद फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो. समोरून शेपूट येणारच असं धरून चला. ‘आयएसओ डेट’ नावाचा तयार फॉर्मॅटर द्या, तो शेपूट असली तरी चालवतो, नसली तरी चालवतो, आणि दिवस आहे तसा ठेवतो, वळवत नाही. त्याआधी मागची-पुढची मोकळी जागा छाटा आणि नलची (रिकाम्या किमतीची) काळजी घ्या. जावा ११ पासून जॅक्सबी (एक्सजेसी जिचा भाग आहे ती एक्सएमएलची लायब्ररी) जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या मूळ संचात, येत नाही, वेगळी लायब्ररी जोडावी लागते. आवृत्ती ३ पासून पॅकेजचं नाव जकार्ता झालं आहे. बाइंडिंगच्या जुन्या उदाहरणांत जुनी नावं दिसतील.

आता साडेपाच तासांबद्दल. तुम्ही म्हणाल, ३१ मे साडेसहात साडेपाच मिळवले की १ जूनची मध्यरात्र येते, मग अडचण काय? अडचण १९४३ साली जन्मलेल्या आजोबांची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केली होती. संगणकाच्या टाइमझोन यादीत ‘एशिया/कोलकाता’साठी सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत फरक साडेसहा तासांचा आहे, साडेपाचचा नाही. १ जून १९४३ च्या मध्यरात्री यूटीसीत ३१ मे, संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. त्यात साडेपाच तास मिळवा, रात्रीचे अकरा होतात, तारीख ३१ मेच. पतसंस्थेच्या जुन्या सभासदांत या वयाची माणसं असतातच. लॅपटॉपवरच्या फाइलीत कुणाच्या तारखेमागे ‘+०६:३०’ दिसलं तर दचकू नका, ते हेच. आणि उद्या कुणी सर्व्हरचा टाइमझोन भारताचा केला, किंवा मधला कोड नीट केला, की तुमचे मिळवलेले साडेपाच तास कुठल्यातरी दुसऱ्या नोंदीत दिवस पुढे ढकलतील. चुकीवर चूक बसवली की पुढे कुणालाच कळत नाही कुठली काढायची.

मी हे इतक्या पोटतिडकीने सांगतोय त्याला कारण आहे. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या कामात मी हे जवळून पाहिलं. संकलन केंद्रावर प्रत्येक वजनाची नोंद वेळेसकट एक्सएमएलमध्ये जायची. स्कीमात प्रकार ‘डेटटाइम’, शेवटी झेड, सगळं नियमाप्रमाणे. मुख्य सर्व्हरवर त्यातून दिवस काढला जायचा, तोही यूटीसीतला. आपल्याकडे पहाटे साडेपाचला यूटीसीतली मध्यरात्र असते. सकाळचं संकलन पाचला सुरू होऊन सातपर्यंत चालायचं. म्हणजे साडेपाचच्या आधी किटली घेऊन येणाऱ्याचं दूध आदल्या दिवसात आणि नंतर येणाऱ्याचं आजच्यात! वेळ रात्री पावणेबाराची दिसायची, म्हणून प्रोग्रॅम ते संध्याकाळच्या सत्रात धरायचा. बिलं दर दहा दिवसांनी निघायची. दोन म्हशींचा एक शेतकरी रोज पहाटे सगळ्यांच्या आधी यायचा, त्याने दूध कार्ड घेऊन दाखवलं: १० तारखेला संध्याकाळच्या दोन नोंदी, ११ ला सकाळची एकही नाही. फॅट वेगळं, दर वेगळा, आणि बिल आधीच्या दहा दिवसांत गेलेलं. रक्कम थोडी होती. पण त्याच्यासाठी तो त्याच्या घामाचा हिशोब होता, आणि तो बरोबर होता, आमचा संगणक चूक होता.

तिथे क्षण टाइमझोनसकट आधीच होता, तो बरोबरच होता. कमी होतं ते दुसरंच. आम्ही स्कीमात ‘संकलन दिनांक’ नावाचा नुसत्या तारखेचा घटक आणि ‘सत्र’ नावाचा सकाळ-संध्याकाळचा घटक वेगळा घातला. तो केंद्रावरच भरला जातो. कामाचा दिवस कुठला हे संस्था ठरवते, घड्याळ ठरवत नाही. साखर कारखान्यातल्या रात्रपाळीची गोष्टही हीच, शिरोलीच्या फाउंड्रीतल्या तिसऱ्या शिफ्टचीही हीच. रात्री दोन वाजता ओतलेलं कास्टिंग कुठल्या दिवसाच्या उत्पादनात धरायचं हे डेटटाइममधून काढायला जाऊ नका, वेगळं लिहा.

समोरच्या संस्थेकडे डॉटनेट असेल असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, म्हणून तिकडचंही थोडं. एक्सएसडीने तयार केलेल्या क्लासमध्ये डेट, टाइम, डेटटाइम तिन्हींसाठी एकच ‘डेटटाइम’ हा प्रकार येतो, फरक फक्त वरच्या अॅट्रिब्यूटमध्ये असतो. ‘डेट’ लिहिताना तो नुसता दिवस लिहितो, हे चांगलं. ‘डेटटाइम’ लिहिताना शेवटी काय येणार ते ‘काइंड’वर ठरतं: यूटीसी असेल तर झेड, लोकल असेल तर मशीनचा फरक, काहीच ठरवलेलं नसेल तर काहीच नाही. डेटाबेसमधून आलेली किंमत बहुधा ‘अनस्पेसिफाइड’ असते, म्हणून पाठवण्याआधी ‘स्पेसिफायकाइंड’ने ती काय आहे ते स्वतः सांगा. वाचताना ‘+०२:००’ आलं तर तो ते मशीनच्या वेळेत वळवतो आणि मूळ फरक हरवतो. जर्मनीच्या गिऱ्हाइकाकडून वेळापत्रक घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: हिवाळ्यात तिकडून +०१:०० येतं, उन्हाळ्यात +०२:००. तो मूळ आकडा हवा असेल तर स्ट्रिंग म्हणून वेगळा जपावा लागतो.

‘टाइम’ सगळ्यात त्रासदायक. शाखा उघडण्याची वेळ दहा वाजता, एवढंच सांगायचं असतं, पण सीरिअलायझर (डॉटनेटमधला एक्सएमएल लिहिणारा भाग) मागे मशीनचा फरक जोडतो. यूटीसीच्या मशीनवर ते वाचलं की शाखा पहाटे साडेचारला उघडते. तिथे मी सरळ स्कीमाच्या आपल्याकडच्या प्रतीत तो घटक स्ट्रिंग करतो आणि ‘१०:००:००’ हाताने लिहितो. बाहेर जाणारी फाइल मूळ स्कीमाला धरूनच राहते.

आणि डॉटनेटमध्ये ऐच्छिक तारीख भरूनही फाइलीत दिसत नाही अशी तक्रार आली तर त्या घटकाच्या नावापुढे ‘स्पेसिफाइड’ लागलेली जोडीची खूण बघा. ती ट्रू केल्याशिवाय घटक लिहिला जात नाही. उलट घटक सक्तीचा असेल आणि किंमत भरायची राहिली तर ‘०००१-०१-०१’ जातं. फाइलीत सन १ दिसला की कुणीतरी भरायला विसरलं आहे.

तारखांची तुलना हा तुमच्या प्रश्नात नव्हता, पण पतसंस्था आहे म्हणून सांगतो. टाइमझोन असलेली वेळ आणि नसलेली वेळ यांच्यात चौदा तासांपेक्षा कमी अंतर असेल तर आधी कुठली हे ठरवताच येत नाही, असं एक्सएसडी स्पष्ट सांगतं. जावाची ‘कंपेअर’ मेथड अशा वेळी ‘इनडिटरमिनेट’ (ठरत नाही) परत देते, आणि त्याची किंमत २ आहे. आपण सवयीने ‘शून्यापेक्षा मोठं, म्हणजे नंतरचं’ एवढंच तपासतो. हप्त्याची मुदत टाइमझोनशिवाय आणि भरणा झेडसकट असेल, तर वेळेत भरलेल्या हप्त्यालाही दंड लागतो. दंड, व्याज, मुदत यांची तुलना लोकलडेटवरच करा.

एक खास आपल्याकडची गोष्ट. पडदा मराठीत हवा म्हणून सगळ्या प्रोग्रॅमला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची मांडणी) लावलं की तारखेचे आकडे देवनागरीत उमटू शकतात. ब्राउझरमध्ये मराठी लोकेलने तारीख लिहून बघा, ‘१/६/१९७२’ असंच येतं. पडद्यावर ते छानच दिसतं. पण एक्सएसडीच्या तारखेत आकडे इंग्रजीच लागतात, आणि क्रम वर्ष-महिना-दिवस. फाइलीत जाणारी तारीख कधीही लोकेलच्या फॉर्मॅटरमधून काढू नका. तसंच ब्राउझरच्या तारीख-वेळेच्या खान्यातून येणाऱ्या किमतीत बहुधा सेकंद नसतात, आणि स्कीमाला सेकंद लागतातच. आणि टॅलीतून आलेल्या एक्सएमएलमध्ये तारीख रेघांशिवाय सलग आठ आकड्यांची असते, ती स्कीमातल्या ‘डेट’मध्ये तशीच ढकलता येत नाही.

दुरुस्ती झाली का हे बघायला सर्व्हरपर्यंत जाऊ नका. लॅपटॉपवर जावा सुरू करताना ‘यूजर डॉट टाइमझोन’ला आधी यूटीसी द्या, मग एशिया/कोलकाता, मग अमेरिका/न्यूयॉर्क. तिन्ही वेळा तयार झालेली फाइल अक्षरन् अक्षर सारखी आली पाहिजे. चाचणीत १ जून १९७२, १ जून १९४३, २९ फेब्रुवारीचा एक आणि १ जानेवारीचा एक सभासद ठेवा.

राहिल्या आधीच पाठवलेल्या तारखा. सरसकट एक दिवस मिळवू नका, लॅपटॉपवरून गेलेल्या काही फाइली समोर नीट वाचल्या गेल्या असतील, त्या बिघडतील. तुमच्या डेटाबेसमध्ये वेळेसकट कॉलम असेल तर काम सोपं आहे: १८:३० दिसेल ती नोंद भारतीय मध्यरात्रीची, आणि युद्धात घड्याळं पुढे केलेल्या काळातल्या जन्मांसाठी १७:३०. त्या एशिया/कोलकातात वळवून दिवस काढा, नव्या तारखेच्या कॉलममध्ये ठेवा, जुना कॉलम महिनाभर तरी पुसू नका. वेळ आधीच गळून पडली असेल तर संगणकाकडे उत्तर नाही. निवृत्तीच्या तारखेवरून चूक सापडेल असंही धरू नका: सरकारी नियमात १ तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून १ जून आणि ३१ मे दोघंही ३१ मेलाच बाहेर पडतात. तेव्हा यादीत ३१ मेचे जेवढे सभासद आहेत त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले फायलीतून काढायला आजच एकाला बसवा, आणि त्यात खरोखरच ३१ मेला जन्मलेला कुणी निघाला तर त्याची तारीख तशीच राहू द्या.